नोंद करणाऱ्याचं नाव काढलं तेव्हा

भाऊ,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुमच्या गावची रीत मला माहीत आहे. माणूस गेला की त्याचा दगड उभा होईपर्यंत त्याला नावानं हाक मारायची नाही. मारली तर तो वळून बघतो आणि त्याची वाट लांबते. नाव नुसतं लिहिलं तर ते हाक मारल्यात धरतात की नाही, हे विचारायला तुमच्याकडेच यावं लागलं असतं. म्हणून नुसतं भाऊ.

आज दहावा दिवस. मी हैदराबादला खोलीवर आहे. रविवार आहे, खोलीतले दोघं बाहेर गेलेत. लिहायला तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो. चहा केला, तो गार झाला. चार्जर शोधला, तो फोनलाच लावलेला होता. मातीला मी पोचलो नाही. तुमच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा ऑफिसात होतो. इथून बल्लारपूरपर्यंत रेल्वे, मग चंद्रपूर, मूल, गडचिरोली, धानोरा असं करत येईपर्यंत सगळं उरकलं असतं, हे खरं आहे. पण मी निघालोच नाही, हेही खरं आहे. सुट्टी मागायला भ्यालो.

एक गोष्ट सांगायची आहे. ती सोडून बाकीचं सगळं सांगत बसेन अशी भीती वाटते, म्हणून आधीच लिहून टाकतो. तुमची झाडं गेली, भाऊ. यादीतली. चारशेच्या वर मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, सगळी. बुधवारी दुपारी, एका बटणावर. आणि गाव समजतं की ती जैनीबाईच्या हातून गेली. जैनीबाई पण तेच समजते.

ती माझ्यामुळे गेली. हे अजून मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा भेटलात ते गडचिरोलीच्या सेतू केंद्रात. मी तिथं लोकांचे अर्ज टाईप करायचो. तुम्ही खांद्याला कापडी पिशवी अडकवून आलात आणि भिंतीला टेकून बसून राहिलात. गर्दी ओसरल्यावर पिशवीतून वह्या काढल्यात, कोपरे खाल्लेल्या, तेलकट.

"हे सारं एका जागी दिसन का?"

"काय आहे?"

"झाडं."

"किती आहेत?"

"मोजाले बसलो नाई. मोजाचं असंन त तू मोज."

मी हसलो, तुम्ही हसला नाहीत. गावाला जंगलाचा हक्क मिळाला होता आणि जंगलातून जाणारा रस्ता रुंद होणार होता. वापरातलं झाड तोडायचं नाही असं ठरलं होतं, पण वापरातलं कोणतं हे यादीवरून ठरणार होतं आणि यादी कुठंच नव्हती. कोणता मोह कोणत्या घरचा हे गावातल्या सगळ्यांना पाठ. दरवर्षी त्याच घरची बाई त्याच झाडाखालचा पाचोळा झाडते, फुलं वेचते. लिहून ठेवायची वेळ कधी आलीच नव्हती. म्हणून तुम्ही दोन वर्षं पायी फिरलात.

तुमची लिहायची पद्धत मला आधी येडेपणा वाटली होती. झाडावर हात ठेवायचा आणि विचारायचं, हे कोनाचं? ज्याचं आहे तो माणूस समोर उभा असला तरी त्यानं बोलायचं नाही. शेजारच्या घरानं सांगायचं. शेजारी हो म्हणाला की मग वहीत ओळ. एकदा एक शेजारी तापानं झोपला होता तर तुम्ही त्या झाडाची ओळ चार दिवस कोरी ठेवलीत. मी म्हटलं, भाऊ, घरवाला स्वतः सांगून राह्यला ना. तुम्ही म्हणालात, "आपलं त सारेच सांगतेत. दुसऱ्याचं सांगाले लागते तवा माणूस खरं बोलते."

त्या दिवसांत मला एकच भीती असायची, कोणी शिक्षण विचारेल. नववीत असताना आईसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेलो, परत आलो तोवर परीक्षा होऊन गेली होती आणि मग आरमोरीकडच्या आमच्या शाळेत मी परत गेलोच नाही. कॉम्प्युटर क्लासमध्ये झाडझूड करता करता शिकलो. हे सगळं मी कोणालाही विचारायच्या आधी सांगून टाकायचो, म्हणजे नंतर कळल्यावर त्याचा चेहरा बदललेला बघायला नको. तुम्हालाही सांगितलं. तुम्ही पुरतं ऐकलंत आणि म्हणालात, "मिरची कोन्ती, लांब का बुटकी?" त्यानंतर तो विषय आपल्यात कधी निघाला नाही.

प्रोग्राम लिहायला घेतला तेव्हा ओआरएम म्हणजे काय हे मी नुकतंच मोबाईलवर बघून शिकलो होतो. तुम्ही विचारलंत म्हणून तुमच्या अंगणात बसून समजवायला लागलो. डेटाबेसमध्ये सगळं तक्त्यांत असतं, आडव्या ओळी आणि उभे रकाने, त्याला दुसरं काही समजत नाही. मी लिहितो त्या प्रोग्रामला मात्र 'घर', 'झाड' असं बोलायचं असतं. दोघांची भाषा वेगळी. मध्ये ओआरएम उभा राहतो आणि याचं त्याला, त्याचं याला सांगतो.

"मंग दुभाष्याच म्हन ना सरळ," तुम्ही म्हणालात. "मी बी तेच करतो. साहेब मराठीत बोलते, म्हातारी गोंडीत बोलते, मधात मी. मी बी ओआरएमच होय."

"हो भाऊ."

"पन एक ध्यानात ठेव. दुभाष्या आपल्या मनानं बोलाले लागला का गाव बुडते."

मी मान हलवली आणि पुढचं सांगायला लागलो. मला सांगायची घाई होती. एक घर, त्याची झाडं अनेक. हे कुठं लिहायचं? घराच्या ओळीत लिहायला गेलं तर एका रकान्यात पंधरा झाडं कोंबावी लागतात, उद्या सोळावं आलं की रकाना फुटतो. म्हणून उलट करायचं. झाडाच्या ओळीत त्याच्या घराचा क्रमांक लिहायचा. तुम्ही काडीनं जमिनीवर घर काढलंत, त्याच्याभोवती ठिपके दिलेत आणि बराच वेळ बघत बसलात.

"म्हंजे घराच्या ओळीत झाडाचं नावच नाई?"

"नाही. घराकडं काहीच नसतं. झाडाला माहीत असतं आपण कोणाचे. घराची झाडं विचारली की ओआरएम सगळ्या झाडांकडं बघून गोळा करून आणतो."

"अस्सल आहे," तुम्ही म्हणालात आणि तंबाखू मळायला घेतलात.

गेल्या दहा दिवसांत हेच सारखं डोक्यात येतं. तुमच्याकडे आमची यादी कुठं होती? वहीत झाडं होती, माणसं नव्हती. किती जणांना तुम्ही रस्त्याला लावलंत ते तुम्ही कधी मोजलं नसेल. ते आमच्या आमच्याकडंच आहे, प्रत्येकाकडं वेगळं, आणि ते सगळं गोळा करून आणील असा कोणी मध्ये उभा नाही.

पहिल्यांदा यादी उघडली तो दिवस आठवतो का? ग्रामसभेचा तो जुना लॅपटॉप, आणि मी मोठ्या तोऱ्यात बटण दाबलं. चाक फिरत राहिलं. एक घर दिसलं, थांबलं. दुसरं दिसलं, थांबलं. तुम्ही स्क्रीनकडं वाकून म्हणालात, "हे एकेक घरी जाऊन बसून, पानी पिऊन येऊन राह्यलं का?" आणि भाऊ, अगदी तेच चाललं होतं. मी आधी सगळी घरं मागवली होती आणि मग प्रत्येक घरासाठी वेगळी फेरी मारून त्याची झाडं. एका फेरीत सगळं आणायला सांगता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ते शोधायला मला आठवडा लागला. तुम्ही एका नजरेत सांगितलंत, तेही थट्टेत.

मग बुधरी आणि सोमारीचा मोह. इथं आपलं बिनसलं.

त्या दोघी बहिणी, एकाच गावात दिलेल्या, घरं दोन. बापानं जाताना एकच मोठा मोह दोघींना ठेवला. एक दिवस बुधरी वेचते, एक दिवस सोमारी. वर्षानुवर्षं असंच चाललंय, भांडण नाही. मी म्हटलं, एका झाडाला एकच घर लिहिता येतं. रकाना एकच आहे.

"त दुसरा कर."

"तसं नसतं करता, भाऊ. उद्या तिघी बहिणी निघाल्या तर?"

"त तिसरा कर."

"असं रकाने वाढवत नाही कोणी. चुकीचं असतं ते."

"झाड चुकीचं आहे का?"

मी चिडलो. नवीन शिकलेल्याला आपलं शिकलेलं फार पवित्र वाटतं. मला रकाने वाढवायचे नव्हते हे बरोबरच होतं. पण झाड आणि घर यांच्या मध्ये तिसरा तक्ता घालता येतो, ज्यात प्रत्येक वाटा एक ओळ होतो, हेही मला तेव्हा माहीत होतं. फक्त त्याला आठ दिवसांचं काम होतं आणि मला आठ दिवस द्यायचे नव्हते. मी ते झाड बुधरीच्या घरावर टाकलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'बहिणीचाही वाटा'.

ग्रामसभेत यादी वाचली तेव्हा सोमारीचं दुसरं झाड नव्हतंच, म्हणून तिचं घरच यादीत आलं नाही. ज्या घराला झाड नाही ते घर मी यादीत आणलंच नव्हतं. सगळी घरं वाचून झाली. सोमारी पदर सावरून बसली होती, नाव येईल म्हणून. मग ती म्हणाली, फार हळू म्हणाली, "माह्या घरचे मानसं जंगलात जातच नाईत वाट्टे." बुधरी खाली बघायला लागली. तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात की चूक माझी आहे, मी लिहून घेताना चुकलो. तुम्ही चुकला नव्हता. तुमच्या वहीत दोन्ही नावं होती.

परत जाताना तुम्ही नाल्यापाशी आल्यावर एवढंच म्हणालात, "करशीन ना दुरुस्त?"

"करतो भाऊ. थोडं नंतर."

ते नंतर कधी आलं नाही. मी हैदराबादला आलो. आणि इथं आलो तेही तुमच्याच जोरावर, हे तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. मुलाखतीत त्यांनी विचारलं, एकास अनेक नातं कसं मांडशील, उदाहरण दे. माझ्याकडं कागद नव्हता, दहावीचं प्रमाणपत्र नव्हतं, इंग्रजी नव्हतं. मी मोहाची झाडं सांगितली. घराच्या ओळीत काही नसतं, झाडाला माहीत असतं कोणाचं ते. समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. मला वाटलं, गेलं. त्यांनी मला घेतलं. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं. थंडी पडते का तिकडं?" मी पडते म्हटलं. आभार मानायचे राहिले.

आता बुधवारचं.

जैनीबाई तुमच्या चुलतभावाची सून, ते तुम्हाला काय सांगायचं. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्यांना सांगतो की ती बारावी शिकलेली आहे, दोन लेकरांची आई, आणि ग्रामसभेची यादी तीच सांभाळते. येत्या शुक्रवारी यादी शेवटची वाचून रस्त्यावाल्यांकडं द्यायची आहे. बुधवारी तिचा फोन आला. ती तलावाच्या पाळीवर चढली होती, तिथंच रेंज येते. वाऱ्याचा आवाज होता.

"बाबू, झाडं दिसून नाई राह्यली."

"कोणती?"

"सारीच. तेरा आहेत फक्त. अकरा मी लिहिलेली नि दोन तू लिहिलेली."

काय केलंस असं मी विचारलं आणि तिनं सगळं बरोबर सांगितलं, काही लपवलं नाही. छापलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिलेलं असतं, 'नोंद' आणि पुढं तुमचं नाव. म्हातारे तिला म्हणाले, पोरी, त्याचा दगड व्हायचा आहे, पुढच्या शुक्रवारी चारशे वेळा त्याले हाक मारतं का? ते तिलाही पटलं. तिनं प्रोग्राममध्ये नोंद करणाऱ्यांचं पान उघडलं. तीन नावं होती. तुमचं काढलं, म्हणजे ती जागा कोरी छापली जाईल. स्क्रीननं विचारलं, ही नोंद काढायची? तिनं हो म्हटलं. स्क्रीननं सांगितलं, नोंद काढली.

ती दोन्ही वाक्यं मी लिहिलेली आहेत. एका नोंदीची.

माझ्या लक्षात लगेच आलं, भाऊ. फोन कानाला होता तेवढ्यातच. घर आणि झाड यांचं नातं जोडताना मी आठवडाभर विचार केला होता; घर काढायला गेलं तर प्रोग्राम अडतो आणि विचारतो, आधी याची झाडं कोणाला द्यायची ते सांगा. पण नोंद करणारा आणि झाड हेही एकास अनेकच. ते मी एका तयार उदाहरणावरून उचललं होतं. त्या उदाहरणात माणसानं खातं बंद केलं की त्यानं लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. त्याला कॅस्केड म्हणतात; एका ओळीत दुभाष्याला सांगून ठेवायचं की 'एक' गेला तर त्याचे 'अनेक' पण ने. मी ती ओळ तशीच ठेवली. वाचलीसुद्धा नसेल. नोंद कोणी केली हा मला कोपऱ्यातला रकाना वाटला होता. दोन वर्षं तुम्ही चाललात आणि मी तुम्हाला कोपऱ्यात लिहिलं, तेही घाईत.

आणि तुम्ही विचारलं होतं मला. सेतू केंद्राच्या पायरीवर, बसची वाट बघत. "मी मेलो त हे राहीन ना, बाबू?" मी म्हटलं, काहीही काय बोलता भाऊ, राहणारच ना, कॉम्प्युटरमध्ये आहे. तुम्ही मान डोलावलीत. माझ्यावर विश्वास ठेवलात.

म्हणून तर वह्याही मातीत तुमच्यासोबत ठेवल्या. जैनीबाईनंच सांगितलं. तुमची कुऱ्हाड, तंबाखूची डबी, चप्पल आणि वह्यांची पिशवी. वापरातलं माणसासोबत द्यायचं असतं. आता कॉम्प्युटरमध्ये आहेच की सगळं, असं कोणीतरी म्हणालं. त्याचं काय चुकलं?

माझ्याकडं दिवाळीआधीची प्रत आहे, ती पाठवली. तिच्यात दीडशे झाडं असतील. रस्त्याकडची सगळी तुम्ही थंडीत लिहिलीत, ती तिच्यात नाहीत. तुमच्या पुतण्यानं धानोऱ्याहून पुसलेली फाईल पाठवली, ती उघडून उघडून बघतो. जिथं झाडं होती तिथं काही नाही.

जैनीबाईनं तेव्हापासून रोज फोन केला. गुरुवारी म्हणाली, "सापडलं का?" मी म्हटलं, बघतो. शुक्रवारी म्हणाली, "लोकं बोलत नाईत काई, पन माह्याकडं पाहतेत." मी म्हटलं, बघतो बाई, निघेल. शनिवारी तिनं विचारलंच नाही. नुसतं म्हणाली, "मी आता हात नाई लावत त्या लॅपटॉपले. मले येतच नव्हतं ते. उगाच घेतलं." आणि मी गप्प बसलो. बाई, तुझी चूक नाही, एवढं म्हणायला काय लागत होतं? तीन शब्द. पण त्याच्या पुढं ती विचारणार, मग कोणाची? आणि मला लगेच ऐकायला यायला लागतं, नववी नापासाला दिलं तर दुसरं काय होणार. कोणी म्हणालेलं नाही अजून. मी आधीच ऐकतो. तुम्ही असता तर मी तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही सभेत उभे राहून ते स्वतःवर घेतलं असतं, सोमारीच्या वेळी घेतलंत तसं, आणि मी परत घेऊ दिलं असतं. हेच मला सगळ्यात जास्त बोचतं. तुम्ही नाहीत म्हणून मी एका बाईला तुमच्या जागी उभं केलं.

इथपर्यंत लिहिलं आणि फोन केला.

तिला पाळीवर चढायला वेळ लागला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा मी नमस्कार न करता सांगितलं, "बाई, झाडं तुझ्यामुळं गेली नाहीत. मी प्रोग्राममध्ये तसं लिहून ठेवलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव काढलं की त्याची सगळी झाडं जातील असं. कोणीही दाबलं असतं तरी गेली असती."



"कवा समजलं तुले?"

"बुधवारी."

"बुधवारी." "मी चार दिवस घरात बोलली नाई. पोरानं पानी मांगतलं त त्याच्यावर वसकली."

"भ्यालो होतो, बाई."

"आनि मी का भेली नव्हती?" तिचा आवाज वाढला नाही. वाढला असता तर बरं वाटलं असतं. "मी नाई सांगत कोनाले. तूच ये. इथी येऊन सांग, साऱ्याइच्या समोर. फोनवर नाई."

आज मंगळवार. पुढचं तुमच्या गावातून लिहितो.

रविवारीच फोन करून सुट्टी मागितली. साहेबानं कशाला विचारलं, मी म्हटलं घरचे वारले. रात्रीच्या रेल्वेत बसल्या बसल्या ते आठ दिवसांचं काम सुरू केलं. झाड आणि घर यांच्या मध्ये 'वाटा' नावाचा तक्ता घातला. आता झाडाला वाटे अनेक, घरालाही वाटे अनेक, आणि सोमारी आपल्या ओळीत बसते. आठ दिवस लागणारच नव्हते, भाऊ. बल्लारपूर यायच्या आत झालं. हे कळल्यावर खिडकीबाहेर बघत बसलो. कॅस्केडची ओळ काढली. आता नोंद करणाऱ्याचं नाव पुसता येत नाही. फक्त झाकता येतं. आत राहतं, छापताना ती जागा कोरी येते. दगड झाला की उघडायचं. पण हे उरलेल्या दीडशे झाडांपुरतंच. रस्त्याकडच्या झाडांखाली आता तुमचं नाव नसेल. ती परत लिहायची आहेत आणि ज्यानं लिहिली त्याचंच नाव लागेल. ते खोटं लावलेलं तुम्हाला चाललं नसतं.

गडचिरोलीच्या स्टँडवर आरमोरीची गाडी लागलेली होती. आई सव्वा तासावर होती. बघून बघून धानोऱ्याच्या गाडीत बसलो.

काल दुपारी समाजमंदिरात सगळे बसले होते. जैनीबाई मागं, खांबाला टेकून. लॅपटॉप कोपऱ्यात लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. मी येताना वाक्यं पाठ केली होती, ती सगळी गेली. म्हटलं, "झाडं मी घालवली. जैनीबाईनं नाही. मी चूक लिहिलं होतं आणि बुधवारपासून मला माहीत होतं." मग नातं काय, कॅस्केड काय, ते जमेल तसं सांगितलं.

म्हातारे भूमिया, गावाची पूजा ज्यांच्या हातची, ते डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे तुनं त्या मशीनले सांगून ठेवलं होतं, का हा मानूस गेला का याचं केलेलं सारं ने?"

"हो, बाबा."

"कोनाले विचारून?"

"कोणालाच नाही."

"हं."

सोमारी पुढं बसली होती. ती कोणाकडं न बघता म्हणाली, "याले एका झाडाच्या दोन बहिनी समजल्या नाईत, मरन कुठून समजन." दोघं-तिघं हसले. बुधरी पण हसली. मीही हसलो असतो, पण मला त्याचा हक्क नव्हता. मी तिला सांगितलं की आता दोघींची नावं येतात. "पाहू," ती म्हणाली.

मला वाटलं होतं कोणीतरी शिक्षण काढेल. कोणी काढलं नाही. भूमिया उठले आणि म्हणाले, शुक्रवार दूर नाही, चार टोळ्या करा, रस्त्याच्या दोन्ही कडांनी दोन दोन. ज्याचं झाड तो बोलणार नाही, शेजारी बोलतील. कोणी हे कुठून आलं असं विचारलं नाही. सगळे उठून चपला शोधायला लागले.

आज सकाळपासून चाललो. एकशे नऊ झाडं झाली. एका मोहापाशी दोन शेजाऱ्यांत वाद लागला आणि सगळे थबकले, कारण असा वाद लागला की कोणाकडं बघायचं ते सगळ्यांना एकाच वेळी आठवलं. थोड्या वेळानं त्यांचं त्यांनीच मिटवलं. वेळ लागला. माझे पाय सुजलेत. तुम्ही दोन वर्षं हे एकट्यानं कसं केलंत?

दुपारी समाजमंदिरात येऊन मी लॅपटॉप उघडला आणि कागदावरची झाडं भरायला घेतली. जैनीबाई दारात उभी होती. काल सभेनंतर ती माझ्याशी बोलली नव्हती, सकाळी भाकर पुढं ठेवली तीही न बोलता. बराच वेळ ती दारातूनच माझ्या खांद्यावरून बघत राहिली. मी एका झाडाला चुकीचं घर लावलं. दुसऱ्याला लावलं. तेव्हा ती आत आली, हात पदराला पुसले आणि माझ्या शेजारी टेकली.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "तू वाचून दे. तुह्या बोटाचा भरोसा नाई."

मी सरकलो, भाऊ.